शिट्टी कातीची की फुफ्फुसाची?

लेक युनिव्हर्सिटीत शिकायला गेली आणि तिचा रॉयल पायथन, गुंड्या, लेस्टरच्या घरी माझ्या ताब्यात आला. आफ्रिकेतला हा आखूड, जाडजूड अजगर ब्रिटनमध्ये विनापरवाना पाळता येतो. (भारतात नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरी ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवते.)

ऑक्टोबरपासून त्यानं उंदराकडे बघणंच सोडलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, वयात आलेले नर हिवाळ्यात महिनोन्‌महिने खात नाहीत. वजन करत जा." मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून मी त्याचं वजन वहीत टिपायला लागले. ऑक्टोबरात 1,420 ग्रॅम, जानेवारीअखेर 1,365. म्हणजे चार टक्केही घट नाही. अंग भरलेलं, जीभ लवलवतेय, रात्री पेटीभर फिरतोय. दहा टक्क्यांच्या आसपास घट झाली असती, तर मी वाट बघत थांबले नसते.

त्याच सुमारास रंग मळकट झाला, पोट गुलाबी दिसायला लागलं, डोळे निळसर-दुधी झाले आणि तो दिवसभर लपून राहू लागला. हे कात टाकण्याआधीचं नेहमीचं चित्र. गंमत अशी की कात पडण्याच्या काही दिवस आधी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. याच दिवसांत श्वासाबरोबर बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. नाकपुड्यांतली जुनी कातडी सैल झाली की असा आवाज येतो. तोंड बंद होतं, नाक कोरडं होतं, म्हणून मी पेटीत ओलावा वाढवला आणि वाट पाहिली. कात तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड निघाली. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर उतरतो. कातीचं डोकं उजेडात धरून ते दोन्ही गोल बघितले. शिट्टी थांबली होती.

फेब्रुवारीत शिट्टी परत आली, आणि या वेळी अंग नव्या कातडीनं चकचकत होतं. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कातीचं निमित्त नाही, तरी आवाज आहे. शिवाय डोकं काचेला टेकवून वर धरलेलं, तोंड किंचित उघडं, ओठांच्या कडेला चिकट लाळेचा बुडबुडा. खाऊन झाल्यावर साप जांभईसारखं तोंड उघडून जबडा जागेवर आणतो, पण ते क्षणभर. हे तोंड उघडंच राहत होतं. सापाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं, त्यामुळे त्याला नीट खोकता येत नाही आणि फुफ्फुसातला चिकटा आतच साठतो. म्हणून त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न तापमानाचा होता. वहीत रोजच्या नोंदी होत्या: गरम कोपरा 32 अंशांवरून 26वर उतरला होता. पेटीचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला होता. त्यांनी तोंडातला स्वॅब घेतला, एक्स-रे काढला आणि श्वसनमार्गाचा संसर्ग असल्याचं सांगितलं. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दर 72 तासांनी द्यायचं होतं, तेही शरीराच्या पुढच्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. सुई कशी धरायची ते त्यांनी स्वतः शिकवलं. पहिल्यांदा माझे हात थरथरले, पण गुंड्या शांत पडून राहिला.

कोर्स संपला तेव्हा श्वास निःशब्द झाला होता, आणि फेरतपासणीत फुफ्फुसं साफ निघाली. एप्रिलमध्ये त्यानं चिमट्यातला उंदीर झडप घालून घेतला. नव्या थर्मोस्टॅटशेजारी आता मी वेगळा थर्मामीटर लावलाय आणि दोन्हींचे आकडे रोज वहीत लिहिते.