18 इंची व्हील आणि मधला एक मिलिमीटर

मोठे ब्रेक लावून दोन महिने झाले, गाडी झकास थांबते, पण ब्रेक व्हीलमध्ये बसतील का हे बघायच्या त्या कागदी टेम्प्लेटचा राग काही अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी हॉट हॅच, म्हणजे जोरकस इंजिनची छोटी हॅचबॅक. कंपनीची 18 इंची अलॉय व्हील्स, पुढे 312 मिमीची डिस्क आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल मऊ पडायचं. खरं सांगायचं तर यात ब्रेक लहान असण्यापेक्षा ब्रेक फ्लुइड उकळण्याचा हात जास्त होता. डॉट 4 फ्लुइड नवीन असताना निदान 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही, पण त्याने हवेतला ओलावा ओढला की हीच हमी 155 वर येते. त्यामुळे आधी ताजं फ्लुइड आणि चांगले पॅड टाकून बघा, बऱ्याच जणांचं काम तिथेच भागेल. मला हे चार जणांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मला ते मोठे लाल कॅलिपरच हवे होते. बायको म्हणाली, आधी काय गाडी थांबत नव्हती का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किट घेतलं 355 मिमी डिस्क आणि सहा पिस्टनच्या कॅलिपरचं. अट एकच, व्हील्स बदलायची नाहीत. टायर नवे होते आणि मला ही व्हील्स आवडतात.

आता 18 इंच म्हणजे 457 मिमी, त्यात 355 ची डिस्क सहज जाणार असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण अडचण डिस्कची नसतेच, कॅलिपरची असते. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूलाच असतो, बाहेर नुसती दोन बोटं डिस्कवरून वळून आलेली असतात. माझ्या नव्या किटसारख्या फिक्स्ड, म्हणजे न सरकणाऱ्या कॅलिपरला दोन्ही बाजूंनी पिस्टन, त्यामुळे तो बाहेरच्या बाजूलाही फुगतो आणि थेट स्पोकच्या पाठीत जातो. तिथे किती जागा आहे हे 18 हा आकडा अजिबात सांगत नाही, ते स्पोकचा बाक आणि ऑफसेट (व्हीलची गाडीला टेकणारी बाजू मध्यरेषेपासून किती मिमी दूर आहे तो आकडा) ठरवतात. एकाच गाडीच्या दोन डिझाइनच्या 18 इंची व्हील्सपैकी एक बसेल आणि दुसरं नाही, असंही होतं.

तर विकणाऱ्याने टेम्प्लेट पाठवलं. प्रिंट काढायची, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायची, व्हील पालथं टाकून आत धरून बघायची. धरली. स्पोकपाशी 3 मिमी, रिमच्या आतल्या भिंतीपाशी 9 मिमी. त्यांच्या कागदात दोन्हीकडे निदान 3 मिमी सोडा असं होतं, म्हणजे काठावर पास! जुने ब्रेक काढणं, ब्रॅकेट, नवीन होज (फ्लुइडची लवचीक नळी), सगळं एका दुपारात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हां, एक आहे, कॅलिपर डावा-उजवा नीट बघा, हवा काढायचे निपल वरच्या बाजूला आले पाहिजेत. उलटे लावले तर कितीही ब्लीडिंग करा, हवा वर अडकून राहते आणि पेडल स्पंजसारखंच लागतं.

व्हील चढवलं, हाताने फिरवलं आणि खर्रर्र. दर फेरीला एकाच जागी. बघतो तर आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला घासत होती. नव्या लाल रंगावर ओरखडा! आता 9 मिमी जागा असताना 4 मिमीचं वजन घासेलच कसं? इथेच मला कळायला हवं होतं. पण मी वजनं दुसऱ्या जागी लावून परत बॅलन्सिंग करून घेतलं, आवाज गेला, आणि मी खूश.

मग मनात आलं, एकदा मोजून तर बघू. मुलांची खेळायची क्ले घेतली, छोट्या गोळ्या कॅलिपरच्या तोंडावर आणि वर लावल्या, व्हीलला चिकटू नये म्हणून वरून तेलाचा हात, व्हील नीट कसलं, हळूच एक फेरी फिरवली, काढलं, आणि दबलेली क्ले व्हर्नियरने मोजली. वर रिमच्या भिंतीपाशी 3 मिमी, ठीक. स्पोकपाशी 1 मिमी! हाताने फिरवताना एवढं पुरतं, पण कॉर्नरमध्ये सगळं वजन एका बाजूला आलं की व्हील आणि बेअरिंग थोडं का होईना वाकतंच.

विकणाऱ्याला मेल केला. तीन दिवसांनी उत्तर, 18 इंचीत बसतं, सगळ्यांचं बसतं. मग फोटो पाठवा. पाठवले. मग दुसऱ्या अँगलने पाठवा. तेही पाठवले. आठ दिवस गाडी स्टँडवर, पुढची चाकं जमिनीवर आडवी, आणि मी रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर उभा. नवव्या दिवशी एका ओळीचा मेल, प्रिंट काढताना 'पानात बसवा' ऑन होतं का?

होतं. टेम्प्लेटच्या कोपऱ्यात 100 मिमीची रेघ होती, ती मी शोभेची समजलो होतो. पट्टी लावली तर 97. तीन टक्के म्हणजे टेम्प्लेटच्या 200 मिमीच्या त्रिज्येवर 6 मिमी आणि खोलीच्या 66 मिमीवर 2 मिमी गायब. सगळा हिशोब तिथल्या तिथे जुळला. चूक माझी, शंभर टक्के मान्य, पण बाबा, हा प्रश्न पहिल्याच मेलमध्ये विचारायला काय झालं होतं?

उपाय स्पेसर, म्हणजे व्हील आणि ते ज्यावर बसतं त्या हबच्या मध्ये घालायची चकती. घाईत 5 मिमीचा आणला, तर हबच्या मधल्या कॉलरवर व्हीलला धरायला काही उरेना, सेंटरिंग सगळं बोल्टवर आलं. परत केला. 3 मिमीच्या स्पेसरवर कॉलर पुरेशी राहिली, ऑफसेट 50 चा 47 झाला, स्पोकपाशी 4 मिमी मिळाले. बोल्ट मात्र लांब घेतले, कारण दीड मिमी पिचवर (दोन आट्यांमधलं अंतर) 3 मिमी म्हणजे दोन आटे कमी पकडणार. शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. फुल लॉकला स्टीअरिंग फिरवून होज कुठे ताणत नाही ना तेही बघा, हे खरं आधी सांगायचं होतं.

बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी रुळवणं, मोकळ्या रस्त्यावर, ताशी 100 वरून 30 पर्यंत आठ-दहा वेळा, गाडी पूर्ण न थांबवता, मग ब्रेक न वापरता थंड होऊ द्यायची.

आणि परवा लक्षात आलं, 16 इंची स्टेपनी आता पुढे बसतच नाही. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणि स्टेपनी मागे. त्यासाठी जुने बोल्ट डिकीत ठेवलेत, कारण मागे स्पेसर नाही आणि लांब बोल्ट तिथे आत टेकू शकतो.