तुम्ही विचारलंत म्हणून: यात लढाई कुठंय?

आमच्या फिल्म क्लबात पॅलेस्टाइनवरचा माहितीपट दाखवला की कुणी ना कुणी विचारतंच, "लष्करी ताब्यातल्या गावाची गोष्ट ना ही? मग निम्मा वेळ घर, पोरं आणि ऑलिव्हची झाडंच का?"

कारण ताबा तिथंच असतो. गोळीबार झाला की बातम्यांचा कॅमेरा येतो आणि संध्याकाळी परत जातो. वेस्ट बँक मात्र १९६७पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. तिथं माणसं लष्कराच्या तपासणी नाक्यावर खोळंबतात, स्वतःच्या शेतात जायला परवाना मागतात. छपराछपरांवर पाण्याच्या काळ्या टाक्या दिसतात, कारण नळाचा भरवसा नाही. हे टिपायला तिथंच राहणारं कुणीतरी लागतं.

वेस्ट बँकमधल्या बिलीन गावच्या इमाद बुर्नातनं २००५मध्ये चौथा मुलगा जिब्रील झाला म्हणून कॅमेरा घेतला. त्याच वर्षी इस्रायली आणि पॅलेस्टिनी वस्त्या वेगळ्या करायला इस्रायलनं गावच्या जमिनीतून नेलेल्या विभाजक कुंपणाविरुद्ध गावकरी दर शुक्रवारी मोर्चा काढू लागले. बारसं-वाढदिवस टिपायला घेतलेला कॅमेरा मोर्चात पोचला आणि फुटला. मग दुसरा, तिसरा. एका कॅमेऱ्यानं तर गोळी झेलली, म्हणून इमाद वाचला. गाय दाविदी या इस्रायली दिग्दर्शकाबरोबर त्यानं २०११मध्ये 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' हा माहितीपट पूर्ण केला.

त्यातला एक प्रसंग मला अश्रुधुरापेक्षाही जास्त लागतो. रात्री सैनिक इमादच्या दारात येतात आणि सांगतात, हे बंद लष्करी क्षेत्र आहे, शूटिंग थांबव. त्याच्याच घरात! ताबा म्हणजे काय, हे आणखी कसं सांगायचं?

तसाच बासेम अबू रहमे. गावातल्या पोरांचा लाडका, सगळे त्याला फिल म्हणत. २००९मध्ये अश्रुधुराचं नळकांडं छातीत लागून तो गेला. तोवर आपण त्याला पोरांमध्ये रमलेला, हसणारा असा बघितलेला असतो. म्हणून तो आपल्यासाठी बातमीतला आकडा उरत नाही. त्याला का मारलं, हे लहानगा जिब्रील बापाला विचारतो तेव्हा आपल्याकडेही उत्तर नसतं.

पुढचा प्रश्न ठरलेला: कॅमेऱ्यानं काही बदललं का? श्रेय एकट्या कॅमेऱ्याचं नाही. गाव हटलं नाही, वकील कोर्टात लढले. २००७मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं बिलीनमधल्या कुंपणाचा मार्ग बदलायला सांगितलं. ते हटायला २०११ उजाडलं. गावाला काही जमीन परत मिळाली. उरलेली आज कुंपणाऐवजी नव्या मार्गावर बांधलेल्या काँक्रीटच्या भिंतीपलीकडे आहे.