पाच दिवसांचं बाळ

आज दुपारी डिचोलीत एका बाळंतिणीकडे जाऊन आले. पाऊस असा की छत्री असूनही साडीचा काठ भिजला. घरात पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या, "दूधच येत नाही हो हिला, पोर सारखं रडतंय." ओट्यावर पावडरचा डबा आणून ठेवलेला, अजून फोडला नव्हता.

ती काहीच बोलली नाही. डोळे रडून सुजलेले. तिला पाणी दिलं, पाठीला उशी लावली आणि ती पाजताना नुसतं बघत बसले. बाळ फक्त बोंडाचं टोक ओढत होतं, म्हणून ती कळवळत होती. बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, त्याने मोठा आ करेपर्यंत थांबलो आणि मग जवळ घेतलं. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. थोड्या वेळाने गिळण्याचा आवाज आला. तो आधी ऐकला सासूबाईंनीच!

कालपासून ओले लंगोट सहा. म्हणजे दूध आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर लागतं, तेवढा चीक त्याला पुरतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाळंतपण झालं तिथे कुणी दहा मिनिटं तिच्याजवळ बसलं असतं तर? फार वाईट वाटलं मला.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "डबा परत देऊन येते. तुम्ही चवथीच्या आधी एकदा या." सोमवारी जाणार आहे.