आधी चिप, मग लस

परवा मावसबहिणीचा फोन आला, ताई आम्ही दीड महिन्यात जर्मनीला येतोय, व्हिसा झालाय, आणि ब्रूनोला पण आणतोय, त्याच्या सगळ्या लसी झाल्यात, अजून काय लागतं गं? मी दोन सेकंद गप्पच बसले. कारण आमच्या कुत्रीला, चिंगीला, इकडे आणायचं ठरलं तेव्हा मी पण अगदी ह्याच भ्रमात होते, की लसीकरणाचं पुस्तक भरलेलं आहे म्हणजे झालं सगळं.

आमची चिंगी रस्त्यावरून घरात आलेली, सहा वर्षांची, दरवर्षी न चुकता रेबीजची लस, प्रत्येक लसीचा स्टिकर आणि सही जागच्या जागी. डॉक्टरांनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, चिप कधी बसवलीत? चिप म्हणजे कातडीखाली बसवतात ती ओळख नंबरवाली बारीक मायक्रोचिप. बसवलीच नव्हती. मग म्हणाले, मॅडम, ह्यातलं एकही इंजेक्शन युरोपात धरणार नाहीत. नियम असा आहे की चिप लसीच्या आधी किंवा फार तर त्याच दिवशी बसलेली पाहिजे, नाहीतर लस नेमकी ह्याच कुत्रीला दिली ह्याचा पुरावा काय? म्हणजे कागदोपत्री आमची चिंगी बिनलशीची! त्याच दिवशी आधी चिप (१५ आकडी नंबरची, आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाची) आणि मग परत लस.

आणि खरी मजा इथून पुढे आहे. युरोपियन युनियनची देशांची एक यादी आहे, त्यातल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यामांजरांना चिप, लस, पहिली लस असेल तर २१ दिवस थांबणं आणि सर्टिफिकेट एवढं पुरतं. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याला रक्ताची टेस्ट लागते, टायटर म्हणतात तिला, लस अंगात नीट लागू पडलीय का ते त्यात कळतं आणि आकडा किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली यायला लागतो. रक्त लस दिल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि घेतल्यावर तीन महिने थांबायचं. हे तीन महिने का, तर लसीच्या आधीच कुठे चावाबिवा होऊन संसर्ग झाला असेल तर तो ह्या काळात दिसून येण्याची शक्यता असते. त्यातल्या त्यात बरं एवढंच की ते रक्त घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नाही. आता करा बेरीज. चार महिने, तेही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर. बहिणीचा दीड महिना तिथेच संपला.

आमचं पहिल्या फटक्यात जमलं नाही. सँपल युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबलाच पाठवावं लागतं, गेलं, आकडा छान आला, आम्ही खूश. नंतर एका रात्री सहज म्हणून रिपोर्ट आणि चिपचा स्टिकर शेजारी ठेवून बघितला तर मधले दोन आकडे उलटसुलट. फॉर्म हाताने भरताना कुणीतरी चुकलेलं, ते कुणीतरी बहुतेक मीच, पण घरात हे अजून मान्य केलेलं नाही. नशिबाने लॅबने मूळ नळीवरचा बारकोड बघून रिपोर्ट दुरुस्त करून दिला. म्हणून सांगते, नंबर लिहू नका, चिपसोबत स्टिकर मिळतात ते चिकटवा, आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा दरवेळी मानेवर स्कॅनर फिरवून घ्या, चिप कधीकधी सरकलेली असते.

शेवटचे दहा दिवस म्हणजे नुसती धावपळ. हेल्थ सर्टिफिकेट सरकारी पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचं लागतं, आपल्याकडे ते काम अॅनिमल क्वारंटाइनवाल्यांकडे असतं, आणि सही झाल्यापासून १० दिवसांत युरोपात पोचायचं. ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्या भाषेतलं आणि इंग्रजी असा जोडफॉर्म घ्या. सोबत मालकाचं लेखी डिक्लेरेशन, की हा प्राणी विकायला नेत नाहीये. नवरा आधीच पुढे गेला होता आणि चिंगीला मागून एकटीला कार्गोने पाठवू असं आमचं चाललेलं, तर तिथे पण मेख: मालक आणि प्राणी ह्यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो घरच्या प्राण्याचा प्रवास धरतच नाहीत, व्यापारी आयातीचे वेगळे नियम लागतात. शेवटी मीच तिच्याबरोबर आले.

एअरपोर्टवर कस्टमवाल्याने स्कॅनर फिरवला, बीप, कागदावरचा नंबर बघितला, चिंगीकडे बघून हसला आणि जा म्हणाला. पाच मिनिटं! माझ्या पोटात चार महिन्यांचा गोळा आणि ह्याची पाच मिनिटं.

इथे आल्यावर डॉक्टरांनी तिला निळा पेट पासपोर्ट करून दिला आणि टायटरची नोंद त्यात घातली, त्यामुळे भारतात चक्कर मारून परत येताना ते तीन महिने परत थांबावं लागत नाही. फक्त बूस्टर, म्हणजे रेबीजची पुढची लस, वेळेत हवा. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती लस पहिलीच धरतात आणि टायटर परत. फ्रिजवर चिंगीच्या बूस्टरची तारीख लाल पेनने लिहिलेली आहे, नवऱ्याच्या फोनमध्ये आहे, माझ्या फोनमध्ये दोनदा आहे. बहिणीला सांगितलं, तिकीट नंतर काढ, आज संध्याकाळी आधी चिप बसवून ये.