कापलेला समास

“आवडीचं काम तुम्हाला कसं सापडलं, आणि त्यावर घर खरंच चालतं का?” दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर पुस्तक घेऊन येणारे बरेच जण निघताना हे विचारतात. २०१८ मध्ये बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यांनीही विचारलं होतं. गेल्या महिन्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलं, तेव्हा तिच्या आवाजात इतकी काळजी होती की उभ्या उभ्या उत्तर देववेना. म्हणून ते इथं सविस्तर सांगते.

मी जुनी पुस्तकं, पोथ्या, वह्या दुरुस्त करते. त्याआधी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब लिहायची. ते काम मला नावडतं नव्हतं. आयुष्यात काही वेगळं करायचंय, अशी तळमळही नव्हती. झालं ते आजीच्या पोथीमुळे.

आजी गेल्यावर तिची रोजच्या वाचनातली जाडजूड पोथी माझ्याकडे आली. पानं सुटली होती, म्हणून मी ती एका बाइंडरकडे दिली. आठवड्यानं परत आली ती घट्ट शिवलेली, नवं रेक्झिन चढवलेली, तिन्ही कडा सुरीनं साफ केलेल्या. मी खूश होऊन उघडली, आणि हातपाय गार पडले. आजी समासात पेन्सिलीनं लिहायची. पारायण कधी पूर्ण झालं, कोणाला मुलगा झाला, तूरडाळ कितीला आणली, सगळं त्या अर्ध्या इंचात. कडा सरळ करताना तेच कापलं गेलं होतं. एका पानावर एवढंच उरलंय: “मंगळवार. आज पा”. पाऊस असेल, पारायण असेल, पाहुणे आले असतील.

त्या माणसाचा दोष नव्हता. कडा सरळ करून मागणारीच गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत होती, आणि समास राखा असं मीही सांगितलं नव्हतं. पण ते “पा” डोक्यातून जाईना. न कापता हे काम होतं का, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. रावपुऱ्यात एका वयस्क गुजराती काकांचं बाइंडिंगचं दुकान होतं. २००९ च्या पावसाळ्यात कारखाना सुटला की मी तिथं जाऊन बसायला लागले. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त खळ शिजवायला लावली. मी घाई केली की म्हणायचे, “चोपडीने उतावळ नथी, आपणने छे.” पुस्तकाला घाई नाही, आपल्याला आहे.

तिथं मला कळलं की पुस्तक मरतं कशानं. विसाव्या शतकातला पुष्कळसा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडून बिस्किटासारखा तुटतो. त्याहून जुना चिंध्यांचा कागद मात्र अजून मऊ असतो. टाचणीच्या तारा गंजून पान खातात. आणि आपण प्रेमानं लावलेली चिकटपट्टी सगळ्यांत वाईट. वीस वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. मैद्याची खळ पाण्यानं पुन्हा सोडवता येते, फेव्हिकॉल सहजी सुटत नाही. कीड लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. काकाही घालायचे. पुढे जतनाचं काम करणाऱ्यांकडून समजलं की त्यातलं तांबं कागदाचं आयुष्य कमी करतं, तेव्हापासून मी रोज ताजी खळ करते आणि उरलेली टाकून देते.

घरचे म्हणायचे, शिकल्यासवरल्या बाईनं बाइंडिंग काय करायचं? मला याचं फार वाईट वाटायचं, कारण आपण राहतो ते गाव कुठलं! हातांनी करायच्या गोष्टी शास्त्रासकट शिकवायला इथं १८९० मध्ये कलाभवन उघडलं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि दादासाहेब फाळकेही तिथं शिकले. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग शिकलेल्यांना वाचायला पुस्तकं हवीत म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरायला लागल्या. त्या वाचणाऱ्या पिढ्यांची पुस्तकं आजही इथल्या मराठी घरांच्या माळ्यांवर आहेत. माझं काम तिथूनच येतं. दुसऱ्या एखाद्या गावात हेच काम चाललं असतं असं मला वाटत नाही.

आता पैशांचं. नोकरी मी लगेच सोडली नाही. सात वर्षं दोन्ही केलं, २०१६ पर्यंत. पहिल्या पुस्तकाचे मी साठ रुपये घेतले होते, आणि त्याला नऊ संध्याकाळी लागल्या होत्या. एखाद्या बाईंच्या आईच्या हस्ताक्षरातली वही हातात असताना मोठा आकडा तोंडातून निघायचाच नाही. तेव्हा हिशेबाची सवय कामी आली. प्रत्येक पुस्तकाला लागलेला वेळ मी वहीत मांडायला लागले. ३२० पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानांचे वीस जुज, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे. ते सोडवायचे, पानं साफ करायची, फाटलेल्या घड्या जपानी कागदाच्या पट्ट्यांनी जोडायच्या, जुज पुन्हा शिवायचे, मग पाठ आणि पुठ्ठा. आठ तास कुठंच जात नाहीत. सामान आणि आठ तास धरून आकडा निघाला अठराशे. तो मान खाली न घालता सांगायला मला वर्ष लागलं. काही जण पुस्तक घेऊन परत गेले. बहुतेक थांबले.

तरीही नुसत्या जुन्या पुस्तकांवर माझं घर चालत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. एप्रिल-मेमध्ये विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध येतात. दिवाळीआधी व्यापाऱ्यांचे लाल चोपडे असतात. हिशेब संगणकावर गेले तरी पूजेला चोपडा लागतोच. या दोन मोसमांत वर्षाचा निम्म्याहून जास्त पैसा येतो. या कामांना मी कधी कमी लेखलं नाही. ती आहेत म्हणून एखाद्या आजोबांची पोथी मी तीन आठवडे शिकंज्यात दाबून ठेवू शकते. जे काम जिवापाड आवडतं त्याच्यावरच सगळ्या घराचा भार टाकला, की आपण त्यात घाई करायला लागतो. माझी कितीतरी वर्षं हे समजण्यात गेली.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि काही भागांत दोन-तीन दिवस हटलं नाही. त्यानंतर माझ्या दारात ओली पुस्तकं यायला लागली. पिशव्यांतून, बादल्यांतून, एक तर उशीच्या अभ्र्यातून. भिजलेल्या कागदाला उकाड्यात दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना चिकटून वीट होते. इतकं सगळं एकदम वाळवणं अशक्य होतं. वेळ मिळवायचा एकच उपाय मला माहीत होता, गोठवणं. ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्यांनी एक डीप फ्रीझर रिकामा करून दिला. प्रत्येक पुस्तक बटर पेपरात गुंडाळून, पाठ खाली करून आम्ही आत रचलं. मग रोज दोन-तीन बाहेर काढायची, पानांत टिपकागद घालायचे, पंख्याखाली उभी करायची, दर दोन तासांनी कागद बदलायचे. सेहेचाळीसपैकी एकतीस वाचली. न वाचलेल्यांत एका मावशींच्या यजमानांची शाईनं लिहिलेली वही होती, सगळी निळी वाहून गेलेली. ती मी वाळवून, शिवून तशीच परत दिली. मावशींनी ती कोरी निळी पानं एकेक करून उलटून पाहिली. त्या कामाचे मी पैसे घेतले नाहीत. ते दोन महिने घर प्रबंधांच्या पैशांवर चाललं.

म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, “आवड शोधत बसू नकोस. काय वाया गेलेलं तुला बघवत नाही, ते मला सांग.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आजोबांच्या घड्याळाच्या दुकानातली अवजारं भंगारात गेली, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. घड्याळं मला दुरुस्त करता येत नाहीत, पण हात स्थिर करायला आणि वेळ लिहून ठेवायला मी शिकवू शकते. परीक्षा सोडू नकोस, आधी ती दे, हेही बजावलं. आता दर शनिवारी ती चार वाजता येते. खळीत गुठळ्या व्हायच्या बंद झाल्यात. या शनिवारी तिच्या हातात सुई देऊन पहिला जुज शिवायला लावणार आहे.