गन लावायच्या आधी बिल कळलं पाहिजे

परवा एका ओळखीच्यांचा फोन आला, इलेक्ट्रिक गाड्यांचं नवीन चार्जिंग स्टेशन टाकतायत, ट्रान्सफॉर्मर आला, चार्जर उभे राहिले, गन (गाडीला लावायचा चार्जरचा प्लग) बसल्या, ॲप चालू झालं, आता म्हणे "फक्त रेट टाकायचा राहिलाय, काय टाकू सांग". मी म्हटलं फक्त वगैरे नाहीये ते, निवांत बोलू, आणि मग आम्ही दीड तास बोललो. तेच इथे लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच आणि गेली चार वर्षं मी तीन स्टेशनांचं टॅरिफ स्वतः बसवतेय.

बहुतेक जण काय करतात, विजेच्या बिलावरचा यूनिटचा दर बघतात, त्यात थोडं मार्जिन घालतात, शेजारच्या स्टेशनचा रेट बघतात आणि त्याच्याहून किंचित कमी टाकून मोकळे होतात. यात दोन मोठ्या गोष्टी हिशोबातून सुटतात.

एक म्हणजे वीज कंपनीचं मीटर वेगळं आणि चार्जरचं मीटर वेगळं. कंपनी पैसे घेते आत आलेल्या यूनिटचे, आपण घेतो गाडीत गेलेल्या यूनिटचे. मधे एसीचं डीसी होताना काही वीज उष्णतेत जाते, चार्जरचे पंखे, स्क्रीन, मोडेम, रात्रीचे दिवे, आणि गाडी लागलेली नसली तरी चार्जर थोडी थोडी वीज खातच असतो. एका स्टेशनवर मी महिनाभर रोज सकाळी दोन्ही मीटरचं रीडिंग वहीत लिहून काढलं, आत आले १०० यूनिट तर गाड्यांत गेले ९१. म्हणजे कंपनीचा दर १०० धरला तर विकलेला यूनिट मला जवळजवळ ११० ला पडत होता आणि मी आपली १०० वर मार्जिन लावत बसले होते. जिथे गाड्या कमी येतात तिथे हा फरक आणखी वाढतो, कारण रिकाम्या वेळची वीज थोड्याच यूनिटवर वाटली जाते.

दुसरी गोष्ट डिमांड चार्ज, आणि माझ्या मते नवीन स्टेशन इथेच बुडतं. बऱ्याच ठिकाणी मोठ्या कनेक्शनला यूनिटच्या पैशांशिवाय महिन्यातली सगळ्यात जास्त मागणी किती किलोवॉट गेली त्याचेही पैसे लागतात. ही मागणी मीटर साधारण १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर मोजतं, म्हणजे महिन्यात एकदाच दोन गाड्या एकदम लागल्या आणि पाऊण तास फुल लोड गेला तरी त्या महिन्याचा आकडा तिथेच बसला. आता समजा १ किलोवॉट मागणीचा महिन्याचा आकार ३० यूनिटच्या किमतीएवढा आहे आणि तुमची मागणी १२० किलोवॉट आहे. रोज फुल लोडचं एक तासाचंच काम मिळालं तर महिन्याला ३,६०० यूनिट विकले जातील आणि डिमांड चार्ज पण बरोबर ३,६०० यूनिटच्या किमतीएवढा, म्हणजे यूनिट दुप्पट महाग पडला. तेच रोज पाच तास काम असेल तर १८,००० यूनिट, आणि डिमांड चार्जचा बोजा यूनिटमागे २० टक्क्यांवर येतो. वीज तीच, चार्जर तोच, फक्त गाड्या किती येतात त्यावर खर्च इतका बदलतो. म्हणून शेजारच्याचा रेट बघून आपला ठरवू नका असं मी सगळ्यांना सांगते, त्याच्याकडे रोज किती गाड्या येतात हे तुम्हाला माहीतच नसतं. आणि सुरुवातीचे काही महिने एकूण पॉवरवर सॉफ्टवेअरमधून मर्यादा घालून ठेवा, दोन गाड्या आल्या तर वाटून द्या, पंधरा मिनिटं जास्त लागतील पण महिन्याचं बिल हाताबाहेर जाणार नाही.

मग येतो तो जुना वाद, पैसे यूनिटवर घ्यायचे का मिनिटावर. मी यूनिटवाली आहे, ठाम. मिनिटावर घेतलं की काय होतं बघा, एकाच चार्जरवर एक गाडी सरासरी ५० किलोवॉट घेते आणि दुसरी १५०, वीस मिनिटांत पहिलीत सोळासतरा यूनिट गेले आणि दुसरीत ५०, बिल मात्र दोघांना सारखंच. छोट्या, स्वस्त गाडीवाल्याने यूनिटला तिप्पट पैसे का द्यायचे? थंडीत बॅटरी गार असली तरी चार्जिंग हळू होतं, त्यात त्याची काय चूक. अमेरिकेत काही राज्यांत वीज कंपनी सोडून बाकीच्यांना यूनिटवर वीज विकता येत नव्हती म्हणून तिथे मिनिटाचा रेट आला, ती कायद्याची अडचण होती, लोकांना आवडतं म्हणून नाही. आणि युरोपात १३ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमात ५० किलोवॉट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर, मेंबर नसलेल्या गिऱ्हाइकाला रेट किलोवॉट-तासावरच, म्हणजे आपल्या यूनिटवरच, लावायचा असं आहे, जागा अडवली तर वर मिनिटाचा चार्ज लावता येतो. मला ही रचना पटते.

पण जागा अडवण्याचा प्रश्न खराच आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी स्टेशनवरच बसले होते. १२० किलोवॉटच्या चार्जरवर एक गाडी ८७ टक्क्यांवर आलेली, स्क्रीनवर आकडा १९ किलोवॉट, तोही हळूहळू १८, १७ असा उतरतोय, आणि मागे तीन गाड्या उभ्या, एकीत लहान मूल रडतंय. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर गेली की गाडीच स्वतः करंट कमी करते, बॅटरी जपण्यासाठी, आणि बऱ्याच गाड्यांना शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या सगळ्याएवढा वेळ लागू शकतो. त्या गृहस्थांचं चुकत नव्हतं, त्यांना लांब जायचं होतं आणि आमच्या टॅरिफमध्ये त्यांना लवकर निघावं असं वाटेल असं काहीच नव्हतं. टेस्लाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये चार्जिंग संपल्यावर गन तशीच ठेवली तर मिनिटाचा चार्ज सुरू केला आणि २०२३ मध्ये काही गर्दीच्या ठिकाणी बॅटरी बरीच भरल्यावरही गाडी लावून ठेवली तर चार्ज लावला. मी पहिला प्रकार घेतला, चार्जिंग संपल्यापासून १५ मिनिटं माफ आणि मग मिनिटाला चार्ज. दुसरा नाही घेतला. शंभर टक्के भरायची गरज असलेल्या माणसाला दंड करणं मला जमत नाही, त्यांना मी स्लो चार्जर स्वस्त करून दिलाय, आणि स्लो चार्जरवर रात्री थांबण्याचा चार्ज अजिबात नाही, रात्री अडीचला उठून गाडी हलवायला कोणाला सांगणार.

हा थांबण्याचा चार्ज लावताना एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर भांडणं होतात. ओसीपीपी १.६ मध्ये, म्हणजे चार्जर आणि आपलं सॉफ्टवेअर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिच्यात, चार्जर दोन वेगळ्या अवस्था कळवतो, सस्पेंडेड ईव्ही म्हणजे गाडीने वीज घेणं थांबवलं आणि सस्पेंडेड ईव्हीएसई म्हणजे आपल्या बाजूने वीज देणं थांबलं. आमच्याकडे दोन्हींना "चार्जिंग थांबलं" असं एकच धरलं होतं, त्यामुळे लोड वाटपात आम्हीच ज्या गाडीची वीज थांबवली तिलाच थांबल्याचे पैसे लागले. त्या बाईंनी शांतपणे फोन करून विचारलं, "मी तर वाट बघत होते, मग चार्ज कसला?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. पैसे परत केले आणि त्याच रात्री सगळे जुने सेशन, म्हणजे एकेका गाडीच्या चार्जिंगच्या नोंदी, काढून आणखी कोणाला असं लागलंय का ते शोधलं, आणखी सहा निघाले.

सॉफ्टवेअरमधल्या अशा खाचाखोचा मी आता टॅरिफ चढवण्याआधी एकेक तपासते. दुसऱ्यांच्या ॲपवरून गाड्या येणार असतील तर टॅरिफ ओसीपीआयच्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांना माहिती देतात त्या ठरलेल्या भाषेच्या, साच्यात भरावं लागतं. त्यात वेळेचा भाव तासाला लिहायचा असतो, पण स्टेप साइझ, म्हणजे बिल कितीच्या टप्प्याने वर जातं तो आकडा, सेकंदात. मिनिटाचा भाव त्या तासाच्या जागी टाकला तर तुम्हाला साठावा हिस्सा मिळणार आणि महिनाअखेरपर्यंत कळणारही नाही. विजेच्या बाबतीत स्टेप साइझ वॉट-तासात असतो, तिथे १००० टाकलं की १२.१ यूनिट घेतलेल्या माणसाला १३ चं बिल जातं. एका गाडीवाल्याने चार्जरच्या स्क्रीनचा फोटो आणि बिल शेजारी शेजारी ठेवून मला पाठवलं होतं. रक्कम किरकोळ होती, पण स्क्रीनवर एक आकडा आणि बिलावर दुसरा दिसला की विश्वास गेला, तो परत येत नाही. आता सगळीकडे स्टेप साइझ १ आहे. ओसीपीआयच्या २.२.१ आवृत्तीत भाव कर सोडून लिहायचे असतात हेही लक्षात ठेवा, बोर्डवर करासकट आणि ॲपवर कराशिवाय असं झालं की परत फोन.

वेळेनुसार रेट ठेवायचा असेल, म्हणजे रात्री स्वस्त वगैरे, तर क्रम महत्त्वाचा. ओसीपीआयमध्ये वरून बघत पहिली जी अट जुळते तीच लागू होते, त्यामुळे बिनअटीचा दिवसाचा रेट वर ठेवला तर रात्रीचा रेट खाली नुसता पडून राहतो, लागतच नाही. शिवाय चार्जर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, पाठवतो, आपलं घड्याळ वेगळं, हे जुळवलं नाही म्हणून आमचा रात्रीचा स्वस्त रेट पहिल्या दिवशी भलत्याच वेळी लागला. आणि दहा वाजता रेट बदलतो, गाडी ९:५० ला लागली, तर पूर्ण सेशनला जुना रेट की दहानंतर नवा? दोन्ही चालतं, पण आधी ठरवा आणि लिहून लावा. मी गन लावली त्या वेळचा रेट शेवटपर्यंत ठेवते, कारण माणूस आकडा एकदाच बघतो.

म्हणूनच मी सेशन फी, म्हणजे दर चार्जिंगमागची ठरावीक फी, पण काढून टाकली. पेमेंट गेटवेचा ठरावीक खर्च छोट्या सेशनवर जड जातो हे खरंय, तरी तो यूनिटच्या रेटमध्ये मुरवला. यूनिटचा भाव अधिक कनेक्शन फी अधिक मिनिटं अधिक कर, असा बोर्ड वाचून कोणाला चालता चालता हिशोब करता येतो? माझ्या बोर्डवर दोनच ओळी आहेत, करासकट यूनिटचा रेट आणि १५ मिनिटांनंतरचा थांबण्याचा चार्ज. खाली एक उदाहरण, ३० यूनिट घेतले तर एवढे. त्या उदाहरणाच्या ओळीने फोन जितके कमी झाले तितके ॲपमधल्या कुठल्याही बदलाने झाले नाहीत. वॉलेटमधून आधी जास्त रक्कम अडकवून ठेवत असाल तर तीही सांगा आणि सेशन संपल्या संपल्या सोडा, दोन दिवस अडकलेले पैसे लोकांना बिलातच गेल्यासारखे वाटतात.

रेट कधी बदलायचा याबद्दल मी जरा हळू आहे. दर तीन महिन्यांनी दोन्ही मीटरची वही, डिमांडचा आकडा आणि विकलेले यूनिट घेऊन बसते, आणि बदल करायचाच असेल तर आठ दिवस आधी बोर्डवर लावते. बदल झाला की पहिलं सेशन मी स्वतः करते, माझी गाडी, माझ्याच वॉलेटचे पैसे, वहीत आधी बिल मांडायचं आणि मग ॲपमधलं बिल उघडायचं.

ओळखीच्यांनी शेवटी दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोन रेट ठेवायचं ठरवलंय, बदल रात्री दहाला. रविवारी मी गाडी निम्मी रिकामी करून त्यांच्याकडे जाणार आहे, ९:५० ला गन लावायला.