परसातला लोंबत्या तुऱ्यांचा राजगिरा

कार्तिकी एकादशी

सध्या परसात दुसऱ्या कशाकडे लक्षच जात नाही. शोभेचा राजगिरा ऐन भरात आलाय. हातभर लांबीचे किरमिजी तुरे शेंड्यापासून सुटून पार खाली लोंबतायत, काही तर जमिनीला टेकले. हा लाल रंग जास्वंदीच्या लालाहून वेगळा आहे. लाल माठाची भाजी कालवली की भात गुलाबी होतो ना, तोच रंग. माठ, राजगिरा आणि बीट, तिघांची रंगद्रव्यं एकाच कुळातली.

बी ऑगस्टच्या अखेरीस, पावसाचा जोर ओसरल्यावर पेरलं होतं. दाणा जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे पुरायचं असं नाहीच. बारीक मातीत मिसळून भुरभुरवायचं आणि तळहातानं थोपटायचं. पाणी फवाऱ्यानंच द्यायचं, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. आठवड्याभरात लालसर कोंब दिसले. दाट उगवलेली रोपं उपटताना जीवावर येतं खरं, पण ती लसणाच्या फोडणीवर परतली की भाकरीबरोबर फार छान लागतात.

सप्टेंबरभर नुसती पानंच पानं. दिवस लहान व्हायला लागल्यावर शेंड्यात तुरा दिसला, आणि मग मात्र रोज सकाळी तो वाढलेला असायचा. तुऱ्याच्या ओझ्यानं झाड कलतं, म्हणून बांबूच्या काठ्या रोवून सुतळीनं सैल बांधलंय. खत बेताचंच दिलं. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि खोड लेचंपेचं राहतं. पानं जाळ्यानं चिकटवून आत बसणारी हिरवी अळी मात्र येतेच. ती हातानं वेचते. खायच्या झाडावर औषध मारायला मन धजत नाही.

आज दुपारी भिंग घेऊन तुऱ्यापाशी बसले. लांबून मखमल वाटते ती जवळून इवल्या फुलांची गच्च गर्दी आहे. नर आणि मादी फुलं एकाच तुऱ्यात. खालच्या बाजूला काही फळं पिकलीयत. नखानं हलकेच ढकललं की फळाचं वरचं टोपण आडवं सुटतं आणि आत एकच चकचकीत दाणा. प्रत्येक फळात एकच! एवढा एक तुरा भरायला झाडानं किती फळं धरली असतील, या विचारानं मी थक्क होते.

हे झाड मूळचं अँडीज पर्वतातलं. पेरू, बोलिव्हियात त्याला किविचा म्हणतात आणि तिथं ते धान्य म्हणून पिकवतात. याचे मेक्सिकोतले भाऊबंदही धान्याचेच. तिथं राजगिरा फुलवून मधात किंवा पाकात वड्या थापतात, त्यांना आलेग्रिया म्हणतात. आपली चिक्कीच की! स्पॅनिश लोक येण्याआधी अ‍ॅझ्टेक लोक या पिठात पाक कालवून देवांच्या मूर्ती करत आणि त्याचा प्रसाद वाटून खात. इकडे उत्तराखंडात डोंगरउतारावरची राजगिऱ्याची शेतं अशीच लाल होतात.

आज उपासाचं ताट वाढताना हेच डोक्यात होतं. राजगिऱ्याचा लाडू, साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, शेजारी रताळ्याचा कीस. यांतलं बहुतेक सगळं समुद्रापलीकडच्या त्या अमेरिका खंडांतून आलेलं, आणि तरी आईच्या हातच्या एकादशीपेक्षा जास्त आपलं मला दुसरं काही वाटत नाही. उपासाला गहू-ज्वारीसारखं तृणधान्य चालत नाही आणि राजगिरा गवताच्या कुळातला नाही, म्हणून त्याला ताटात जागा मिळाली. शोभेचं झाड आणि पोटाचं झाड असा भेद मला आता या बागेत करावासाच वाटत नाही.

दोन तुरे कापून फुलदाणीत ठेवलेत, दोन उलटे टांगून वाळवणार. बाकीचे झाडावरच पिकू देते, चिमण्यांचा वाटा धरून. शेजारच्या काकू रोप मागत होत्या. सोटमूळ असल्यानं मोठं रोप हलवलेलं त्याला मानवत नाही, तेव्हा त्यांना पुडीत बीच बांधून देईन.